कॅप्टन वॉल्टरचं तुफानी शीड

माझा नवरा वॉल्टर समुद्रात मरणार नाही, माझ्या हातून मरेल. हे मी किल्लाबंदरच्या धक्क्यावर चारचौघांत ओरडून सांगितलंय, तेव्हा इथे सांगायला मला कसली लाज?

आमचं अख्खं सांडोर गाव त्याला कॅप्टन म्हणतं. केळीला पाणी सोडत असला तरी कॅप्टन, पायात चिखल आणि अंगात फाटकी बनियन असली तरी कॅप्टन. जन्म सगळा मालवाहू बोटींवर गेला. आमच्या पोरीच्या, स्टेफीच्या, बाप्तिस्म्याला तो नव्हता, पहिल्या कम्युनियनला नव्हता, माझे वडील गेले तेव्हाही नव्हता. कायमचा घरी आला तेव्हा म्हटलं, चला, आता तरी माणूस दिसेल. कसलं काय! मुंबईच्या कुणा शेठची जुनी शिडाची होडी घेऊन आला. आत दोन माणसं जेमतेम झोपतील आणि एक स्टोव्ह पेटेल एवढीच. ‘स्टेफीला एकदा गोव्यापर्यंत नेतो,’ हा एकच जप. पोरगी लहान असताना जे दिलं नाही ते आता द्यायचं होतं त्याला. ते मला कळत होतं, म्हणून तर गप्प बसले.

होडीला आशीर्वाद द्यायला फादर आले त्या दिवशी वॉल्टरने पिशवीत भरलेलं तुफानाचं शीड पुढे केलं. वारा पिसाळला की मोठं शीड खाली घ्यायचं आणि हे छोटं, जाड, नारिंगी शीड चढवायचं, म्हणजे होडी ताब्यात राहते. ते चढलं नाही तर संपलंच. फादरनी पिशवीवर पवित्र पाणी शिंपडलं. झालं! माझी नणंद अँजेलिना लगेच पुढे सरसावली आणि पिशवीचं तोंड फितीने करकचून बांधलं. “आता तुफान आल्याशिवाय सोडायची नाही हं. आशीर्वादाची गाठ आहे.” फादर असलं काही बोलले नव्हते, ते बिचारे चहा पीत होते. पण वॉल्टरने मान डोलावली. आमच्याकडे हे असंच. एकदा आशीर्वाद मिळाला की ती वस्तू वापरायची नाही, नुसती जपायची. सासूबाई गुडघे चोळत चोळत गेल्या, पण वेलंकनीच्या यात्रेहून आणलेल्या पवित्र तेलाची बाटली काही उघडली नाही.

“चढवून बघितलंस का एकदा तरी?” मी विचारलं.

“देवाची परीक्षा बघायची नसते, हेलन.”

“देवाची नाही रे बाबा, तुझी!”

तो हसला. मला हसणारा माणूस नको होता, उत्तर देणारा हवा होता.

निघायच्या दिवशी सकाळी मी भाकऱ्यांचा डबा घेऊन त्यांच्या आधीच बंदरावर गेले आणि होडीत फतकल मारून बसले. वॉल्टर आला तसं सांगितलं, “आधी हे शीड चढव. मग माझी पोरगी होडीत पाय ठेवेल. नाहीतर गोवा गेला खड्ड्यात.”

“अगं, गाठ!” अँजेलिना धक्क्यावरून किंचाळली. भाकरीबरोबर कांदा कापायला सुरी आणली होती, तिनेच मी गाठ कापली.

वॉल्टरने शीड बाहेर काढलं. उलटं केलं, सुलटं केलं. चादरीची लांबी कुठली आणि रुंदी कुठली बघतात ना, तसं फिरवत राहिला. कुठला कोपरा वर जातो हेच त्याला ठाऊक नव्हतं! शेवटी एक कोपरा दोराला बांधला. शिडाच्या कडेला प्लास्टिकचे तुकडे शिवलेले असतात, ते डोलकाठीच्या खाचेत सरकवायचे. ते खाचेत शिरेचनात. जाड होते, दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या होडीचे. त्याने रेटले, ठोकले, अंगठ्यातून रक्त काढलं. खाडीवरून जराशी झुळूक आली आणि ते शीड फटकन् त्याच्या तोंडावर बसलं.

“काय कॅप्टन, कपडे वाळत घालताय काय?” जाळं विणत बसलेला कॉन्रॅड ओरडला. बाकीचे खिदळले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “वॉल्टर, हे कधीच चढलं नसतं. भर समुद्रात, पोरगी शेजारी असताना! आणि तू मला सांगितलंस, मुंबईला जाऊन शिकून आलोय.”

तो खाली बसला. “मी तिथे जाऊन नुसता बघून यायचो. इंजिनरूमचा माणूस मी, तुला माहीत आहे. तुफान आलं की आमचे दरवाजे बंद. वर काय करतात ते कधी दिसलंच नाही. इथे आलो तर सगळे कॅप्टन म्हणायला लागले. आता शिकायला कुणाकडे जाऊ? कॅप्टन शिकायला जातो का?”

एका शब्दापायी, मेल्या, माझी पोरगी बुडवायला निघाला होतास! हे मी मनात म्हटलं नाही, तोंडावर म्हटलं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. स्टेफी उतरली. बँकेतून रजा काढलेली, नवी टोपी, पाठीला सॅक. वॉल्टर उठून तिच्याकडे गेला आणि तिची सॅक काढून स्वतःच्या हातात घेतली.

“मी तुला नेणार नाही, स्टेफी,” तो म्हणाला, आणि हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मला येत नाही. वारा बरा असला तर होडी हाकता येते, बस्स. तुफानातलं मला काहीएक येत नाही.”

स्टेफीने डोक्यावरची नवी टोपी काढली. आणि कॉन्रॅड फिस्सकन् हसला.

“कोण दात काढतोय?” मी होडीतून उडी मारली. “कॉन्रॅड, तूच ना? माझ्या नवऱ्याने पोटच्या पोरीसमोर, भर धक्क्यावर सांगितलं, मला येत नाही. तू म्हटलंयस का असं कधी? तुझ्या बापाने म्हटलंय? म्हण ना! म्हणून दाखव आत्ता!”

कॉन्रॅडने जाळ्यात मान घातली.

वॉल्टर ते नारिंगी शीड खांद्यावर टाकून कॉन्रॅडपाशी गेला आणि जाळ्याशेजारी जमिनीवर बसला. “तुझा बाप शिडाच्या होडीने मासेमारीला जायचा ना रे? त्याने तुला जे शिकवलं ते मला शिकव.”

राग माझा अजून गेलेला नाही. पण कॉन्रॅडने जरा सरकून त्याला जागा दिली तेव्हा मी डबा उघडला आणि दोघांच्या मध्ये भाकऱ्या ठेवल्या.