जोडीचा डबा

दौलतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरपन्याच्या बाजारात अंबाडीची जुडी निवडत होते. न्यूमोनियाचं निमित्त झालं. जुडी तशीच टाकून राजुऱ्याची बस धरली. गडचांदूरपर्यंत रडले, आणि पुढे चक्क हसू आलं... कारण मामा म्हटले की आधी आठवते ती त्यांची शौचाच्या नमुन्याची मोहीम.

मामा कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचे. निवृत्त झाले आणि उजवा हात थरथरू लागला, चाल आखडली. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मामी खचली, मी खचले. मामा मात्र पुढच्या तपासणीहून परतले ते वरातीतल्या नवरदेवासारखे. "पोरी, हे नुसतं डोक्याचं दुखणं नाई! काही जणांचं पोटातूनच सुरू होत असन म्हणते!" डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं, की आतड्यात असंख्य जिवाणू राहतात, पोटापासून मेंदूपर्यंत एक मज्जातंतू जातो, आणि कंपवात झालेल्यांच्या पोटातली ही वस्ती इतरांपेक्षा वेगळी दिसते. ती आजाराचं कारण की परिणाम, हे अजून कोणालाच पक्कं ठाऊक नाही. पण बद्धकोष्ठता मात्र हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकते. झालं! मामांच्या सकाळच्या लांबलचक बैठकीची आम्ही आयुष्यभर थट्टा केली होती. आता ते छाती काढून सांगू लागले, "तुमी हासत होते न? तो आजार होता बाप्पा!"

डॉक्टरांच्या अभ्यासाला नमुने हवे होते. मामांनी लगेच नाव दिलं. पण ज्याचं पोट कधी वेळेवर साफ झालं नाही, त्याने ठरल्या दिवशी नमुना द्यायचा कसा? चूर्ण घ्यायलाही मनाई. बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्माकोलचा डबा ओट्यावर तयार, भाड्याची गाडी दारात आणि मामा आत. शेजारीपाजारी येता-जाता विचारत होते, "झालं का?" दुपार कलली तेव्हा आतून आरोळी आली, "गाडी चालू करा!" अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.

एवढ्याने भागलं नाही. त्याच घरातलं, तेच अन्न खाणारं निरोगी माणूसही डॉक्टरांना ताडून पाहायला हवं होतं. म्हणजे सुलोचनामामी. इथे मोहीम अडली. "लोकाइच्या टेबलावर माह्यं ते ठेवू? लाज नाई वाटत तुमाले?" मामांनी विनवलं, रुसून पाहिलं, जेवण सोडायची धमकीही दिली, ती संध्याकाळच्या भज्यांपर्यंत टिकली.

शेवटची भेट झाली तेव्हा त्यांचा आवाज पार खोल गेला होता, वाकून ऐकावं लागायचं. डोळे मात्र तसेच चमकत होते. "सुलोचना, एकाच गुंडातलं पाणी पेलो, एकाच गंजातला भात खाल्ला आपण... मंग मलेच काऊन झालं? तुले काऊन नाई? मले हे जाणून घ्याचं हाये, बस." मलाच का, असं आजारी माणूस रडत विचारतो. मामा ते कोडं घातल्यासारखं विचारत होते, आणि मला त्यांचा केवढा अभिमान वाटला! मामी भांडी घासायला निघून गेली.

मामांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. मामीच्या नमुन्यासाठी आलेला कोरा डबा फ्रिजवर तसाच होता. मी तो आवरायला घेतला, तर तिने हातातून काढून घेतला आणि फडक्याने पुसून परत ठेवला. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवत असेल.

गेल्या आठवड्यात सकाळीच तिचा फोन. "त्या डॉक्टरले विचारलं म्या. तुह्या मामाचं जपून ठेवलं हाये म्हणते. माह्यं आता बी चालते. गाडी घेऊन ये लवकर, अन् गल्लीत कोणाले सांगू नोको."

पोचले तर मामी ठेवणीतली पांढरी साडी नेसून दारात उभी, डबा पदराखाली. नागपूरच्या वाटेवर तिने तो मांडीवरून खाली ठेवला नाही. वरोरा मागे पडल्यावर हळूच म्हणाली, "कळन न आता तुह्या मामाले?"

एका जोडीने कोडं सुटत नसतं, हे मला माहीत होतं. तरी "कळन, मामी," म्हटलं आणि ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितला.