पाण्याच्या कॅनपाशी

पालेगावच्या मागे एक खडक आहे, तिथे मी पोरींना दोरावरून उतरायला शिकवते. शिकवायचे, असं म्हणायला हवं आता. जीभ वळत नाही.

मी चढायला लागले तेव्हा अंबरनाथच्या बाया डोंगरावर जायच्या त्या लाकडं आणायला. हार्नेस, म्हणजे कमरेचा पट्टा, कुठला मिळायला! उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या एका सिंधी काकांकडून शिवून घेतला. ते म्हणाले, "दीदी, पँट फटी तो इज्जत जाएगी, ये फटा तो तुम जाओगी." शिलाईवर शिलाई मारून दिली बिचाऱ्यांनी.

तेव्हापासून माझा नियम: पट्टा बकलमधून ओवला की उलटा वळवून परत ओवायचा, आणि दुसरीने तो हाताने चाचपायचा. नुसतं बघायचं नाही. तपासणारी चुकली, तर तिने खाली बसून पाण्याचे कॅन सांभाळायचे. माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, जी आता माझ्यासोबत शिकवते, तिला मी अख्खा हिवाळा खाली बसवलं होतं. रडायची.

गेल्या रविवारी बदलापूरची एक नवी पोर वर उभी होती. मी तिचा पट्टा चाचपला, म्हटलं, "ठीक आहे, जा." पोर कडेला सरकली. तेवढ्यात ही जुनी आली, तिने हात घातला, तर पट्टा एकदाच ओवलेला. वजन पडताच सुटला असता. तिने तो उलटा वळवून परत ओवला. पोर हसत खाली गेली, तिला कळलंसुद्धा नाही.

मग ही हळूच म्हणाली, "बाई, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"मी डोळ्यांनी कधी तपासलं का गं?"

शुगरने माझी बोटं बधिर झालीत. चहाचा कप गरम की गार, कळत नाही. घरी कुणाला बोलले नव्हते. पण हिला माहीत होतं. कित्येक रविवार ती माझ्या मागून असाच हात घालत होती, आणि मी मनात म्हणायचे, बघा, कशी तयार केलीय मी हिला.

मी खाली निघाले.

"बाई, अहो, नियम पोरींना आहे."

"केला कुणी?"

"मग एक हिवाळाच ना?"

मी उतरत राहिले. खाली ती नवी पोर पाणी पीत होती. कॅनचं झाकण मी फिरवून लावलं आणि तिला म्हटलं, "बघ गं जरा, नीट बसलंय का."