साहेबांचं पाणी

लाँड्रीवाल्याची बायको दर सोमवारी सकाळी फिशटँकवाल्याच्या दुकानात मागच्या दाराने जाते, अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली. ती पहिल्यांदा कुणी केली हे सांगता येत नाही. म्हणजे सांगता येतं, पण पोस्टातल्या काकू अजून त्याच गल्लीत राहतात, आणि त्यांच्याशी वाकडं घेतलेल्या माणसाची पत्रं कधी वेळेवर आलेली नाहीत. काकूंचं म्हणणं फार साधं होतं. मी काही बोलत नाही, म्हणाल्या, पण जाताना बाईचा चेहरा उतरलेला असतो आणि येताना खुललेला असतो. एवढं बोलून त्या गप्प बसल्या. उरलेलं गल्लीने आपलं आपण भरून घेतलं.

लाँड्रीवाल्याला सगळे कडकशेठ म्हणत. त्याच्या हातची इस्त्री कडक, खळ कडक आणि कपडे वेळेवर न नेणाऱ्या गिऱ्हाइकाशी जीभही कडक. गल्लीतली कुठलीही कॉलर डोळे मिटून हातात द्या, हा शर्ट कुणाचा, तो माणूस रात्री घोरतो का आणि सध्या घरात बरं चाललंय का, इतकं सगळं तो सांगे. बायको दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून रफू करी. तिने भरलेलं भोक कुठे होतं, ते भोक पाडणाऱ्यालाही सापडत नसे. लोक तिला रफूवहिनी म्हणत. दोघांची एकुलती एक लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि जाताना घरात एक फिशटँक ठेवून गेली. तुम्हा दोघांना बोलायला कुणीतरी हवं, म्हणाली.

बोलायला कुणीतरी म्हणजे कडकशेठलाच हवं होतं. पहिल्या आठवड्यात एक मासा मेला तेव्हा त्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. मग लेकीने फोनवर समजावलं, टँकमध्ये आणखी मासे आले, आणि त्यातला नाकावर काळा डाग असलेला गोल्डफिश त्याने आपला म्हणून निवडला. त्याचं नाव साहेब. संध्याकाळी दुकान बंद करून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "साहेब जेवले का?" बायको स्वयंपाकघरातून सांगायची, साहेब जेवले, आता आपण जेवा.

रविवारी टँकची धुलाई असे. मी धुलाई म्हणतो, कारण दुसरा शब्द तिथे बसतच नाही. मासे बादलीत, काच घासून लख्ख, खडे चोळून पांढरे, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून शेवटचा थेंब स्वच्छ पडेपर्यंत पिळायचा. तीस वर्षं ज्या माणसाने डागाशी वैर केलं, तो स्वतःच्या घरात तपकिरी स्पंज कसा चालवून घेईल? मग टँक नळाने काठोकाठ. नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास यायचा. कडकशेठ तो छातीभर ओढून घ्यायचा. त्याच्या लेखी स्वच्छतेला हाच वास होता.

एकदा बायकोने फिशटँकवाल्याकडून एक बाटली आणली. नळाच्या पाण्यातलं औषध मारणारं औषध, टँकमध्ये टाकायचं. कडकशेठने झाकण उघडून हुंगलं तर नासक्या अंड्याचा वास. त्याने ती बाटली तिच्यादेखत मोरीत ओतली. जे पाणी माणसं पितात ते माशांना चालत नाही, असं सांगणारा दुकानदार लबाड असतो, म्हणाला. पुढे एका रविवारी धुलाईनंतर टँकमध्ये वर बारीक फेस दिसला. फेस म्हणजे साबण, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आपल्याच हाताला सोडा राहिला असणार, म्हणून स्वतःवर चिडून त्याने सगळं पाणी काढून टँक पुन्हा धुतला. बायको दारात उभी राहून बघत होती. काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं तिने, पण मग सुईदोरा घेऊन बसली.

आणि मग ती कुजबुज त्याच्या कानावर आली. आली म्हणजे एका गिऱ्हाइकाने चादरी देता देता सहज विचारलं, काय शेठ, वहिनींना माशांचा फारच नाद लागलाय म्हणे?

फिशटँकवाल्याला गल्ली चांगलं ओळखत होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज मऊ, केस मागे वळवलेले, आणि अंगात कायम पांढरा शर्ट. तो शर्ट धुवायला कुणाकडे यायचा हे सांगायला नको. त्या दिवशी कडकशेठने गठ्ठ्यातून त्याचा शर्ट काढला आणि वास घेतला. माशांच्या खाद्याचा वास आला. दुसरा घेतला. पुन्हा माशांचं खाद्य. तिसऱ्याच्या बाहीला मात्र रफू होता. इतका बारीक, इतका जीव ओतून केलेला, की तो शर्ट त्याला खाली ठेववेना. कामच होतं ते, गिऱ्हाइकाचं, पावती फाडलेलं. हे त्याला कळत होतं. पण स्वतःच्या बनियनला काखेत तीन भोकं आहेत हेही त्याला त्याच क्षणी कळलं, आणि ती कधीची आहेत हे आठवायला लागलं.

मत्सर माणसाला काय काय सुचवतो बघा. कडकशेठने त्या शर्टांच्या कॉलरींना दुप्पट खळ दिली. पुढच्या वेळी त्याहून जास्त. फिशटँकवाल्याची मान शर्टात अशी अडकली की कुणी हाक मारली तर त्याला कपाटासारखं सगळं अंग वळवावं लागे. गळ्याला लाल वळ उठले. तरी तो तक्रार करीना. कडकशेठला त्याचाही राग आला. तक्रार करत नाही म्हणजे मनात चोर आहे.

घरात तो बायकोकडे चोरून बघू लागला. सोमवारी ती खरंच लवकर उठायची. टँकपाशी जाऊन उभी राहायची, मग तो दुकानाला निघाला की तिची घाई सुरू व्हायची. संध्याकाळी विचारलं, आज कुठे गेली होतीस, तर म्हणायची, दोरा आणायला. आठवड्यागणिक इतका दोरा लागत असता तर तिने अख्खी गल्ली शिवून टाकली असती. पण हे तो बोलला नाही. त्याने साहेबांना सांगितलं. साहेब तोंड उघडझाप करत ऐकून घेत.

शेवटी त्याने ठरवलं, की तिला तिथे जायचं कारणच उरू द्यायचं नाही. बाटलीचं निमित्त आहे ना, तर बाटली आपण आणू. दुपारी तो फिशटँकवाल्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"पाण्यात टाकायचं औषध. चांगल्यातलं."

फिशटँकवाला सबंध वळला. "चांगलं म्हणजे कुणासाठी, शेठ? माशांसाठी की बघणाऱ्यासाठी?"

मग त्याने तीन बाटल्या मांडल्या आणि मऊ आवाजात समजावून सांगितलं. ही निळी स्वस्त, नळातलं क्लोरीन मारते, पण हल्ली आपल्या पाण्यात क्लोरीनचा जो टिकाऊ भाऊ मिसळतात तो हिने अर्धाच मरतो आणि मागे अमोनिया सोडतो. बादली भरून रात्रभर ठेवली तरी तो उडून जात नाही. ही हिरवी, कोरफड घातलेली, माशांच्या अंगाला बरी म्हणतात, पण साबणासारखा फेस येतो. आणि ही साधी लेबलाची, वास घाणेरडा, पण क्लोरीन, त्याचा भाऊ आणि अमोनिया तिघांनाही आवरते. हिच्यावर किती लिटरला किती टाकायचं ते छापलंय, त्याहून जास्त टाकायचं नाही. तुमचा टँक किती लिटरचा?

कडकशेठला ठाऊक नव्हतं. "घरी विचारून या," फिशटँकवाला म्हणाला. साधंच म्हणाला तो. पण घरी विचारून या हे शब्द त्याच्या तोंडून ऐकताना कडकशेठची कानशिलं तापली. काही न घेता तो बाहेर पडला.

रस्त्यात त्याला एकदम उलगडलं. क्लोरीन मारायचं? अरे, हे तर आपण रोज करतो. पांढऱ्या कपड्याला ब्लीच मारलं की त्याचा अंश कापडात राहू नये म्हणून शेवटच्या पाण्यात हायपो टाकतात. दुकानात त्याचा भला मोठा डबा होता. म्हणजे जे तो फिशटँकवाला शहाणपणाने बाटलीत विकतोय ते कडकशेठकडे डब्याने पडलेलं. रविवारी तो डबा बगलेत मारून घरी आला तेव्हा त्याची चाल एखाद्या जावयासारखी होती.

बायकोने डबा पाहिला आणि टँकच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"हा टाकायचा नाही."

"का? तेच आहे. त्याच्या बाटलीत हेच असतं."

"या डब्यात तुमचा डाग काढायचा चमचा जातो. त्या चमच्याला काय काय लागलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि टाकणार किती?"

"अंदाजाने. माझा अंदाज चुकत नाही."

"पँटींचा चुकत नाही."

इतकी वर्षं मनात धुमसत असल्यासारखं ते त्याच्या तोंडून निघालं. त्या फिशटँकवाल्याच्या हातचं चालतं, म्हणाला, माझ्या हातचं चालत नाही. बाटली त्याची चालते, शर्ट त्याचे नीट रफू होतात, दोरा त्याच्याच दुकानात मिळतो. सगळी गल्ली बोलतेय, मीच एक आंधळा.

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, मग डबा उचलून दाराबाहेर ठेवला. कडकशेठने त्या दिवशी टँक नेहमीसारखाच धुतला, जरा जास्तच जोर लावून. रात्री दोघं भिंतीकडे तोंड करून झोपली. दोघांच्या भिंती वेगवेगळ्या.

सोमवारी तो दुकानाला निघाला, पण दुकानात थांबला नाही. फिशटँकवाल्याचे शर्ट बगलेत घेऊन तो पलीकडच्या कोपऱ्यावर थांबला. पोस्टातल्या काकू दुधाची पिशवी हातात घेऊन गॅलरीत उभ्या होत्या आणि आज त्यांना ऑफिसची अजिबात घाई नव्हती. बायको आली. चेहरा उतरलेला. मागच्या दाराने आत गेली. कडकशेठने मनात काय काय म्हणायचं ते जुळवलं आणि तिच्यामागे तेच दार ढकललं.

आत अंधार आणि पाण्याचे बुडबुडे. एका मोठ्या टँकसमोर दोघांची डोकी काचेला टेकलेली. फिशटँकवाल्याच्या हातात छोटी जाळी होती.

"हा नको," बायको म्हणत होती. "याचा डाग फार मोठा आहे. त्यांना कळेल."

"ताई, मागच्या वेळचा डाग तर नाकाच्या दुसऱ्याच बाजूला होता. तेव्हा नाही कळलं?"

"नाही कळलं. पण काल ते फार जवळून बघत बसले होते."

काउंटरवर कडकशेठच्या हातातून शर्टांचा गठ्ठा पडला. दोघं वळली, एक नेहमीसारखी, एक कपाटासारखा. बायकोच्या कापडी पिशवीतून ओला कागद डोकावत होता, आणि त्या कागदात काय गुंडाळलंय हे कडकशेठला न उघडता दिसलं. डोळे मिटून कॉलरी ओळखणाऱ्या माणसाने रोज संध्याकाळी कुणाची चौकशी केली होती? किती साहेब आले आणि किती गेले?

 मग कडकशेठने काउंटरवरच्या साध्या लेबलाच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"ती द्या. घाणेरड्या वासाची." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "टँक किती लिटरचा आहे गं आपला?"

तिने सांगितलं. तिला आकडा पाठ होता. फिशटँकवाल्याने बाटली कागदात बांधताना आणखी एक सांगितलं, की स्पंज नळाखाली नाही धुवायचा, टँकमधून काढलेल्याच पाण्यात नुसता हलवायचा, कारण त्या तपकिरी रंगात टँक स्वच्छ ठेवणारे बारके जीव असतात. आणि पाणी सगळं नाही, थोडंच बदलायचं. कडकशेठने मान डोलावली. स्पंजचं ऐकताना मात्र त्याच्या कपाळावर आठी आली. तपकिरी स्पंज तसाच ठेवायचा म्हणजे त्याच्यासाठी हात बांधून बसण्यासारखंच होतं.

निघताना त्याने काउंटरवरचा गठ्ठा पुन्हा उचलला. "हे परत नेतो," म्हणाला. "कॉलर जरा सैल करून देतो."

पुढच्या रविवारी बायको लिटर मोजून बाटलीचं औषध बादलीत टाकत होती आणि तो शेजारी बसून स्पंजकडे अशा नजरेने बघत होता, जशा नजरेने एरवी फक्त त्या पांढऱ्या शर्टांकडे बघायचा. पण हात लावला नाही. त्या आठवड्यात कुणी मेलं नाही. त्यानंतरच्याही नाही. पोस्टातल्या काकूंनी गॅलरीतून बरंच लक्ष ठेवलं आणि शेवटी दुसऱ्या बिऱ्हाडाकडे वळल्या.

लाँड्रीवाल्याची बायको दर सोमवारी त्या दुकानात जात होती ती मेलेल्या माशाच्या जागी तसाच दुसरा मासा आणायला. पहिला मासा मेला तेव्हा तिचा नवरा मोरीत दार लावून रडला होता, आणि ते तिने ऐकलं होतं.