यंत्राच्या बुडाशी कुंकू
दसऱ्यात यंत्रांना कुंकू लावतात त्या आयुधपूजेच्या दिवसांत हळदीकुंकवाचा वास आला की मला आजही आधी संशय येतो, भक्ती नंतर. नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या दोन विद्यापीठांनी सहकार्याने पीएचडी केंद्र काढलं होतं आणि दोघांनीही सरकारी पैशातून एकेक भारी सूक्ष्मदर्शक घेतल्याचं सांगितलं होतं. दिल्लीची समिती तपासायला आली, तेव्हा विद्यार्थी संघटनेतर्फे मी तिच्यामागे फिरत होतो. सकाळी पहिल्या विद्यापीठात यंत्र पाहिलं. पूजेत कुणीतरी त्याच्या बुडाशी कुंकवाची तीन बोटं ओढली होती, मधलं बोट वाकडं. दुसरं विद्यापीठ यशवंतपूरच्या पलीकडे. तिथे समितीला आधी बिसिबेळे भात आग्रह करकरून वाढला, मग यंत्र दाखवलं. बुडाशी तीच तीन बोटं, मधलं वाकडं! तिथे संशोधन करणारी, बेंगळुरूतल्याच जुन्या मराठी घरातली अक्का शेजारी उभी होती. मी म्हणालो, "अक्का, ही तर उघड लूट आहे. आत्ता बोलतो." तिने माझी बाही धरली. "स्वल्प थांब रे. केंद्र बंद पडलं तर तुझं पत्रक छापून होईल, माझी चार वर्षं जातील." तेवढ्यात समितीचे अध्यक्ष माझ्या नजरेच्या रोखाने खाली वाकले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कुंकू स्वच्छ पुसलं आणि यंत्र दाखवणाऱ्या प्राध्यापकांना हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी पुसून पाठवत चला." अक्काला पदवी मिळाली, तिचं काम खरंच चोख होतं. मी मात्र अजूनही 'विद्यापीठांचं सहकार्य' असं कुठे वाचलं की विचारतो, यंत्रं किती आणि रुमाल कुणाचा?