चपला काढून आत जाणारे खेळाडू

“बटणं टाकूया,” हर्षल म्हणाला. “टायपिंगच काढून टाकू. तीन पर्याय द्यायचे, बोट लावायचं, पुढे जायचं. विषय संपला.”

समोर अशोक कांबळे बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “मग तो माझा खेळ राहणार नाही. माझं नाव काढा आणि काय हवं ते करा.”

हर्षल माझा बॉस. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण डोक्याने तयार. त्याने माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही सांगा. तुमची सही लागणार आहे.”

सही म्हणजे साइन-ऑफ. साकीनाक्याला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि मी तिथे टेस्टिंग बघते. अ‍ॅप लोकांच्या हातात जाण्याआधी ते मोडायचा प्रयत्न करायचा, हे माझं काम. मोडलं तर दुरुस्तीला पाठवायचं, नाही मोडलं तर सही करायची. बॅंकांची, दवाखान्यांची, वाणसामानाची अ‍ॅप्स मी तपासली आहेत. खेळ पहिल्यांदाच हाती आला होता, आणि तोही असा, की ज्यात एकही चित्र नाही.

टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर म्हणजे काय, ते आधी सांगते. कॉम्प्युटरवर चित्रं धड उमटत नव्हती, त्या काळातला हा प्रकार. पडद्यावर चार ओळी येतात: ‘तुम्ही एका लेण्याच्या तोंडाशी उभे आहात. आत अंधार आहे.’ तुम्ही टाइप करता, ‘दिवा लाव’. उत्तर येतं. ‘आत जा’. पुन्हा उत्तर. वाक्यावाक्याने तुम्ही गोष्टीत पुढे सरकता. तुमचं वाक्य वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. हे खेळ बहुतेक वेळा एकच माणूस लिहायचा. गोष्ट त्याची, नकाशा त्याचा, प्रोग्रॅमही त्याचाच. मेमरी इतकी कमी, की एक विशेषण वाढवायचं तर दुसरीकडचं एक काढावं लागे.

कांबळे त्या काळातले. जोगेश्वरीत वाढले, पुढे मुलुंडला स्थायिक झाले, बॅंकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले. ऐंशीच्या दशकात त्यांनी कॅसेटवर साठवायचे असे खेळ इंग्रजीत लिहिले होते. बिल्डिंगमधले चार मित्र खेळले, बाहेर कोणाला पत्ता नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी मराठीतून नवा खेळ लिहायला घेतला. मराठीत ‘दिवा’, ‘दिव्याने’, ‘दिव्यात’, ‘दिवा घेऊन’ अशी शब्दांची रूपं बदलत जातात. ती सगळी ओळखणारा पार्सर त्यांनी घरी बसून एकट्याने लिहिला. तो पहिल्यांदा चालवून पाहिला तेव्हा मी खुर्ची मागे सरकवून नुसती बसून राहिले होते. आमच्या डेव्हलपर्सना मी अजूनही तो दाखवते.

आणि अशा खेळाला गिऱ्हाईक मिळालं होतं. अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारी घाटकोपरची एक संस्था. फोनमध्ये स्क्रीन रीडर नावाची सोय असते, ती पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. ज्या खेळात सगळा मजकूरच आहे, तो न पाहणाऱ्यालाही पाहणाऱ्याइतकाच खेळता येतो. संस्थेला हेच हवं होतं. अट एकच: त्यांचे नऊ सभासद खेळून बघतील. त्यांना जमलं, तर खेळ घेणार.

पहिली चाचणी हर्षल स्वतः घेऊन आला होता. नऊपैकी सात जण एकाच जागी अडकले. म्हणून ही मीटिंग.

जागा अशी. खेळाडू लेण्यात शिरतो. आत देवीचं ठाणं आहे. मूर्तीच्या मागे एक भोक आहे, त्यातून घसरत तो डोंगराच्या पलीकडे उतरतो. तिथे काटेरी माळ. तो ओलांडायचा.

“काट्यांपाशी लोकांनी काय काय टाइप केलं, ते मी पाहिलं,” हर्षल म्हणाला. “काटे काप. काटे जाळ. काठीने बाजूला कर. वरून उडी मार. खेळ प्रत्येकाला म्हणतोय, ‘काटे दाट आहेत, पाऊल टाकता येत नाही.’ म्हणजे पार्सरला लोकांचं बोलणं झेपत नाहीये. बटणं दिली की हा प्रश्नच राहत नाही.”

“पार्सरला सगळं कळतंय,” कांबळे म्हणाले. “काटे कापता येत नाहीत, म्हणून तो नाही म्हणतोय. चालत जायचंय, बस.”

“मग सात जणांना चालता का येत नाही?”

आमच्याकडे वॉकथ्रू होता, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या अचूक आज्ञांची फाइल. खेळात काहीही बदल केला की ती फाइल आपोआप चालवायची आणि खेळ शेवटाला पोचतो का ते बघायचं. दर वेळी पोचत होता. त्याशिवाय मी आणि माझ्या टीमने सगळा वेडेपणा करून पाहिला होता. दिवा खाल्ला. दोरीला शिव्या दिल्या. देवीची मूर्ती उचलून पळवायचा प्रयत्न केला. खेळ कुठेही कोसळला नव्हता.

“सोमवारपर्यंत मला बटणं नकोत,” मी म्हटलं. “आधी मी एका खेळाडूशेजारी बसते.”

“मॅडम, रिपोर्ट आहे ना माझा.”

“तुझ्या रिपोर्टमध्ये काट्यांपाशी काय झालं ते आहे. त्याआधी काय झालं, ते नाही.”

शेजारी बसणं ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत आहे. खेळणाऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकायची आणि तोंड उघडायचं नाही. दुसरा भाग अवघड असतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी घाटकोपरला गेले. वैशाली नावाची बाई खेळायला तयार झाली होती. पस्तिशीची, जन्मापासून अंध, बोरिवलीच्या एका बॅंकेत फोनवर काम करते. अडकलेल्या सातांपैकी एक. तिने फोन काढला आणि स्क्रीन रीडर सुरू केला. आवाज इतक्या वेगात होता की मला एकही शब्द लागेना.

“हळू करते तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “बैलगाडीच्या चालीने.”

खेळ सुरू झाला. दिवा घेतला, दोरी घेतली, ओढा ओलांडला. तिची बोटं फोनवर माझ्यापेक्षा चपळ. लेण्याच्या तोंडाशी फुलवाली होती, तिच्याशी बोलून झालं. आत गेली. फोन म्हणाला, ‘समोर देवीचं ठाणं आहे. समई तेवते आहे.’

वैशालीने क्षणभरही विचार न करता टाइप केलं: ‘चपला काढ’.

फोन म्हणाला, ‘तुम्ही चपला बाहेर काढून ठेवल्या. दगड गार लागतो.’

“हे मला फार आवडलं होतं,” ती म्हणाली. “दगड गार लागतो. लिहिणाऱ्याला कळतं.”

मग तिने नमस्कार केला, नारळ वाहिला, मूर्तीमागच्या भोकातून घसरली आणि काट्यांसमोर उभी राहिली.

‘काटे दाट आहेत. पाऊल टाकता येत नाही.’

या वेळी ती काटे कापायला गेली नाही. तिने टाइप केलं: ‘चपला घाल’. उत्तर: ‘तुमच्याकडे चपला नाहीत.’ ‘मागे जा’. उत्तर: ‘घसरण उभी आहे. वर चढता येत नाही.’

वैशालीने फोन मांडीवर ठेवला. “म्हणजे काय, मॅडम? देवीसमोर चपला काढल्या त्याची शिक्षा?”

तोंड न उघडण्याचा नियम मी तिथे मोडला. “तुम्ही एकट्या नाही,” मी म्हटलं.

उरलेल्या आठ जणांना मी फोन केले. अडकलेल्या सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. जे दोघं सुटले होते, ते देवीकडे न वळता थेट भोकातून गेले होते. “घाईत होतो हो,” त्यातला एक ओशाळून म्हणाला.

आम्ही टेस्टर लोकांनी वाईट वागून पाहिलं होतं. नीट वागून कोणीच पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी हे मीटिंगमध्ये सांगितलं. कांबळे म्हणाले, “चपला काढण्याचं वाक्य मीच घातलं ना. वाटलं, कोणीतरी काढेलच, तर त्याला उत्तर चांगलं मिळावं. पुढे तो काट्यांत अनवाणी पोचेल, हा हिशेबच केला नाही. स्वतः खेळताना मी कधी चपला काढल्या नाहीत. मी देवळात गेलोच नव्हतो, मी प्रोग्रॅम तपासत होतो.”

हर्षल मोकळा झाला. “मग सोपं आहे. ती आज्ञाच काढून टाका. ‘चपला काढ’ म्हटलं की सांगायचं, ‘इथे गरज नाही.’”

“देवीच्या ठाण्यात?” कांबळे आणि मी एकदमच म्हणालो.

“बरं बाबा.” हर्षलने हात वर केले.

कांबळ्यांच्या डोळ्यांत चमक आली. “खाली घसरणीपाशी दुसऱ्या कोणाच्या तरी चपला ठेवतो. एक नंबर मोठ्या. देवळाबाहेर आपल्या चपला गेल्यावर आपण काय करतो?”

“मी अनवाणी घरी जाते,” मी म्हटलं. “दुसऱ्याच्या घालत नाही. आणि माझ्यासारखे बरेच असतील. ते पुन्हा तिथेच अडकणार.”

“बाई, तुम्ही टेस्टर आहात की कीर्तनकार?”

“टेस्टरच. म्हणून विचारतेय.”

ते हसले, पण कागद पुढे ओढला. थोड्या वेळाने म्हणाले, “माझी आई लेण्यात जाताना कापडी पिशवी न्यायची. चपला पिशवीत, पिशवी खांद्याला. का, तर परत त्याच वाटेने येऊच असं नाही.”

तेच केलं. बाहेरची फुलवाली आता खेळाडूला पिशवी देते: ‘मागून उतरणार असाल तर चपला यात न्या.’ कोणी पिशवी घेतलीच नाही आणि चपला दारातच ठेवून भोकाकडे निघाला, तर मागून तिची हाक येते, ‘अहो, चपला राहिल्या!’ मग परत फिरायला वाव मिळतो.

पहिल्याच फेरीत मला त्यातही चूक सापडली. या खेळात हातात पाचच वस्तू मावतात. लेण्याशी पोचेपर्यंत दिवा, दोरी, किल्ली, नारळ आणि पाण्याचा तांब्या अशा पाच झालेल्या असतात. पिशवी सहावी. फुलवाली पिशवी देत होती आणि खेळ म्हणत होता, ‘तुमचे हात भरले आहेत.’ मी कांबळ्यांना फोन केला.

“खांद्याला आहे ती,” ते वैतागून म्हणाले.

“ते तुम्हाला माहीत आहे. खेळाला सांगा.”

त्यांनी सांगितलं. मग मी टीमला बसवून नवी यादी केली. खेळात जिथे जिथे आपली माणसं न सांगता काहीतरी चांगलं करतील, ते सगळं करून बघायचं. म्हातारा दिसला, पाणी विचार. मूर्ती दिसली, प्रदक्षिणा घाल. निघताना निरोप घे. त्यात आणखी एक दोष निघाला: वाटेतल्या तहानलेल्या म्हाताऱ्याला पाणी दिलं, की पुढे जिथे पाणी लागतं तिथे तांब्या रिकामा. कांबळ्यांनी कपाळाला हात लावला आणि वाटेत एक झरा घातला. काट्यांपाशी कोणी अनवाणी पोचलाच, तर ‘पाय उघडे आहेत’ हे स्पष्ट सांगणारं वाक्यही आलं. टायपिंग तसंच राहिलं.

दुसऱ्या चाचणीला आम्ही तिघेही गेलो. कांबळे मागच्या रांगेत बसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात. नऊ फोन नऊ वेगांनी बोलत होते. हॉलमध्ये नुसता गलका. “अगं, ही ओरडतेय चपला चपला म्हणून,” कोणीतरी हसत म्हणालं. मग एका फोनवर शेवटचं वाक्य वाचलं गेलं, थोड्या वेळाने दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. प्रत्येक वेळी कांबळ्यांचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत होते. चार मित्रांपलीकडचं कोणीतरी त्यांचा खेळ शेवटपर्यंत खेळताना ते पहिल्यांदाच ऐकत होते.

आठ जण पोचले. नववे एक गृहस्थ फुलवालीशी गजऱ्याच्या भावावरून घासाघीस करत बसले होते. त्यांना पुढे जायचंच नव्हतं. संस्थेच्या बाईंनी त्यांनाही उत्तीर्ण धरलं आणि खेळ घेतला.

परत येताना गाडीत हर्षल म्हणाला, “मॅडम, बटणं टाकली असती तर?”

“तर तू तिसरं बटण काय ठेवलं असतंस? ‘चपला काढा’ हे तुला सुचलं असतं?”

“नाही,” तो म्हणाला. एवढं सरळ कबूल करणारे बॉस मी फार पाहिलेले नाहीत.

सही मी त्याच आठवड्यात केली. खेळात ‘श्रेय’ असं टाइप केलं की नावं येतात. लेखन आणि प्रोग्रॅम: अशोक कांबळे. त्याखाली चाचणी: वैशालीचं नाव आणि माझं. इतक्या वर्षांत मी तपासलेल्या एकाही अ‍ॅपवर टेस्टरचं नाव नव्हतं. घरी मी ते नवऱ्याला आणि मुलीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा कोणी मागितलं नव्हतं.

ऑफिसात आता एक नियम आहे, आणि तो मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. वॉकथ्रू फाइल सुखरूप चालली, तर एवढंच सिद्ध होतं की ज्याला वाट पाठ आहे तो चुकत नाही. त्यावर सही करायची नसते.