ज्वारीचं पीठ

लग्न होऊन दहिवलीत आले तेव्हा मला भाकरी येत होती, पण ज्वारीची. आमच्या घाटावर पीठ पाण्यात मळायचं आणि जोर लावून थापायचं. इथे खातात तांदळाची. तिला आधी पाणी उकळून त्यात पीठ घालायचं, झाकण ठेवून उकड काढायची, मग हात भाजत मळायची. मला हे कुणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी तांदळाचं पीठ गार पाण्यात मळलं आणि परातीतून उचलताच भाकरीचे तुकडे झाले.

सासूबाई दारातूनच शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, घाटावरची सून आणली. आमी आता खापऱ्या खायच्या."

तेव्हापासून मला एकच हवं होतं. त्यांनी माझी भाकरी मोडावी आणि "बरी झाली गं" म्हणावं. उकड शिकले, हात हलका केला. भाकरी टम्म फुगू लागली. नवरा छान म्हणायचा. त्याला सगळंच छान लागतं. सासूबाई निमूट जेवायच्या. काठ चिरलेला असला तर तेवढा मोडून ताटाबाहेर ठेवायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची धाकटी बहीण खालापूरहून आली. जेवताना म्हणाली, "अक्का, सूनबाईची भाकरी अगदी आपल्या आयसारखी हाय गं."

मी तव्यापाशी थांबले. सासूबाईंनी घास संपवला.

"पीठ चांगलं हाय औंदा," त्या म्हणाल्या.

तव्यावरची भाकरी करपली. त्यांना चव कळत होती. श्रेय तेवढं द्यायचं नव्हतं. मग मीही मागणं सोडलं. रडले वगैरे नाही; दुपारची भांडी पडली होती.

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या बाजारातून ज्वारी आणून दळून घेतली. सगळ्यांची तांदळाची झाल्यावर स्वतःपुरती ज्वारीची करायला बसले. कुणाला दाखवायची नव्हती. थापली, पण हाताला जोर सापडेना. कडेनं चिरली, उचलताना मधोमध फाटली. दुसरी घेतली. तीही फाटली. आई असती तर विचारलं असतं.

सासूबाई बघत होत्या. बोलल्या असत्या तरी आता काही लागलं नसतं.

तुकडे दुधात कुस्करून खाल्ले. उरलेल्या पिठाला पावसाळ्यात जाळी धरली, तेव्हा ते टाकलं आणि डबा धुऊन तांदळाच्या पिठाला घेतला.