नगर ते नेवासा, क्लच दाबून

नेवाशाला जायचं ठरलं ते एका निरोपावरून. माहेरच्या शेजारच्या एक बाई नगरला लेकीकडे आल्या होत्या. त्यांनी मला भाजीबाजारात गाठलं. "अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिना होऊन गेला. तुझी आई म्हणाली, शालूला सांगा, जमलं तर येऊन जा. पण मी बोलावलं असं तिथे सांगू नको म्हणावं."

अण्णा म्हणजे माझे वडील. नेवाशात तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. दोन वर्षांत त्यांनी मला एक अक्षर लिहिलं नव्हतं. आमचं घर भिक्षुकी आणि मास्तरकी करणारं. मी मात्र पारनेरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी, चित्रकलेच्या शिक्षकाशी, नोंदणी करून लग्न केलं.

निरोप ऐकून हे म्हणाले, "रविवारी जाऊ. फटफटीवर."

ही फटफटी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून ह्यांनी घेतली होती. रंग मातकट, आवाज गिरणीसारखा. तिचे दोष दोन. चालू असताना थांबवली की ती न्यूट्रलला येत नसे. म्हणजे क्लच दाबून धरायचा आणि बसून राहायचं. क्लच सोडला की आचका देऊन इंजिन बंद. आणि दुसरा दोष, तापलेलं इंजिन एकदा बंद पडलं की तासभर लाथा मारल्या तरी सुरू होत नसे. म्हणून वाटेत कुठेही थांबलो तरी हे खोगिरावर, डावी मूठ आवळलेली. उतरायचं, विचारायचं, आणायचं ते सगळं मी.

ज्या बायकांना असा प्रवास करायचा आहे त्यांना माझं सांगणं, पदर घट्ट खोचा, डोक्याला रुमाल बांधा आणि मागच्या गादीवर घडी घातलेली घोंगडी ठेवा. अंतर अडतीस मैलांच्या आसपास आहे, पण रस्ता खडीचा, आणि ती मैलामैलाला जाणवते. पेट्रोलची सोय नगरातच करून निघावं. वाटेत मिळेल या भरवशावर राहू नये.

सकाळी सातला निघालो. मार्गशीर्षातली थंडी नाकात चावत होती. जेऊरपर्यंत मजेत गेलो. इमामपूरचा घाट फार मोठा नाही, पण वळणं अंगावर येतात आणि खाली उतरताना दोन्ही बाजूंच्या माळावर पिवळं गवत ऊन पिऊन बसलेलं दिसतं. पांढरीपुलाला चहा घेतला. कपाला एक आणा, चहा गोड मिट्ट. मी हॉटेलातून दोन कप आणले आणि ह्यांचा कप त्यांच्या तोंडाशी धरला, कारण हात मोकळा नव्हता. हॉटेलवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "पाहुन्याला बरं न्हाई का?"

"बरे आहेत. गाडीला बरं नाही," मी म्हटलं.

घोडेगावच्या अलीकडे मेंढरांचा मोठा कळप आडवा आला. आम्ही थांबलो. मेंढरं संपेनात. ह्यांच्या मनगटाची शीर उडायला लागली. कडेच्या शेतातून एक माणूस खुरपं टाकून आला. डोक्याला मुंडासं, अंगात मात्र पलटणीचा खाकी कोट.

"पाव्हनं, किती येळ क्लच दाबून बसनार?"

"न्यूट्रल सापडत नाही."

"थांबल्यावर न्हाईच घावायचा त्यो. आमी लढाईत मिसरात हुतो तवा असलीच हुती माज्याकडं. चाक फिरतंय तवरच पाय मारायचा. आदी न्यूट्रल, मंग ब्रेक." त्यानं वाकून क्लचची तार बोटानं ओढून बघितली. "तार लई सैल झालीया, क्लच पुरता सुटत न्हाई. माज्याकडं पाना न्हाई. नगरात गेल्यावर आवळून घ्या."

"आणि चुकून आधी थांबलीच तर?" मी विचारलं.

"मंग वयनी, मागून धरायची आन् मागं-म्होरं हालवायची. हालता हालता पडतो न्यूट्रल."

त्यानं दाखवूनही दिलं. दोन हिसक्यांत खट्‌ झालं आणि ह्यांनी उभ्या गाडीवर सकाळपासून पहिल्यांदा मूठ उघडली. बोटं सरळ होईनात. पुढे वडाळ्याला आणि नेवासा फाट्याला थांबायच्या आधी मी मागून "आता!" म्हणून ओरडत होते आणि दोन्ही वेळा न्यूट्रल पडला. आम्ही भलतेच खूश होतो.

मग गाव आलं. आमची गल्ली आली. ओसरीवर अण्णा बसलेले दिसले, डोळ्यांवर हिरव्या कापडाची झापड. ते बघून माझं ओरडायचं राहिलं आणि ह्यांचं पाय मारायचं. गाडी दारात उभी राहिली ती पहिल्या गिअरमध्ये.

"तू हो पुढे," हे हळूच म्हणाले. "घरात घेतलं तर बंद करतो. नाहीतर असेच परत फिरू. बंद पडली तर त्यांच्या दारात लाथा मारत बसावं लागेल."

मी उतरले. अण्णा उठून पायरीपर्यंत आले. "कोण आहे? कुणाची फटफटी ही?"

"अण्णा, मी शालू."

त्यांनी मान वळवून झापडीखालून गाडीकडे बघितलं. "आणि तो कोण बसलाय वर?"

"हे आहेत."

"सासऱ्याच्या दारात आला आणि खाली उतरत नाही? एवढा ताठा?"

ह्यांचा चेहरा लालबुंद झालेला बघून मीच म्हणाले, "अण्णा, ताठा नाही हो! गाडी न्यूट्रलला येत नाही. हात सोडला की बंद पडते आणि मग सुरू होत नाही. मागेपुढे हलवावी लागते!" बोलता बोलता मला रडू फुटलं.

"मग रडतेस काय? हलव."

मी मागून धरली. हे अंगानं भक्कम, गाडी त्याहून. माझ्यानं तसूभर हलेना. तेवढ्यात अण्णा चाचपडत पायरी उतरले आणि माझ्या हाताशेजारी हात लावला. आतून आई धावत आली. "अहो, डॉक्टरांनी जोर लावायचा नाही म्हणून सांगितलंय!"

"तू मग ये," अण्णा म्हणाले.

आईनं पदर खोचला. आम्ही दोघी जोर लावत होतो आणि अण्णा नुसता हात ठेवून वर्गात सांगावं तसं सांगत होते, "मागे. पुढे. मागे. पुढे." चौथ्या खेपेला खट्‌ झालं. हे उतरले आणि वाकून पाया पडले. अण्णांनी त्यांना उठवताना त्यांचा डावा हात हातात धरला आणि बोटांनी चाचपला.

"सुजलाय हा. नगरपासून असाच?"

"जवळजवळ."

"गरम पाणी ठेव," अण्णा आईला म्हणाले. "आणि ते यंत्र बंद करा. ऐकू येत नाही काही."

शाळेला सुट्टी होती, दोन दिवस राहिलो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, सकाळी प्रवरेचा घाट आणि खांबाचं देऊळ. नेवाशाला जाणाऱ्यांनी सकाळच्या उन्हात नदीवर जावं. दुपारी तिथे फक्त कपडे धुणाऱ्या बायका आणि झोपलेली कुत्री. अण्णा ह्यांच्याशी फारसं बोलले नाहीत. पण जेवताना दोन्ही वेळा शेजारी पाट मांडायला लावला. निघताना मला म्हणाले, "सावकाश जा." तेवढंच.

परत आल्यावर नगरच्या लष्करी छावणीतल्या मिस्त्रीकडून तार आवळून घेतली. पाच मिनिटांचं काम. आता कुठेही थांबलं तरी न्यूट्रल सहज पडतो. दोन वर्षांचा अबोला दोन दिवसांत संपला असं मी म्हणणार नाही. आईनं बोलावलं होतं हे मी सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही. बरंच काही बोलायचं राहिलं, ते तसंच आहे.

संक्रांतीच्या आधी पोस्टमन आला. नवा चष्मा लागलेल्या माणसाचं मोठं, थोडं तिरकं अक्षर मी लांबूनच ओळखलं आणि हात पुढे केला. पोस्टमननं मात्र पाकीट ह्यांच्या हातात दिलं, आणि हे उलटसुलट बघत राहिले. वर लिहिलं होतं, 'चि. वसंतराव यांस'.

"माझं आहे," हे म्हणाले, आणि न फोडता खिशात घालून शाळेला गेले.